फॉर्म लाइव्ह करायच्या आधी

उद्या वेबसाइटवरचा फॉर्म लाइव्ह जाणार असेल तर आज एकदा ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट बंद करून तोच फॉर्म भरून बघा, अर्धा रिकामा, वयाच्या जागी "अबक" टाकून, आणि तरी सेव्ह झाला तर सर्व्हरवर काहीच चेकिंग नाहीये. ब्राउझरमधलं व्हॅलिडेशन (भरलेलं तपासणं) भरणाऱ्याच्या सोयीसाठी असतं, राखण सर्व्हरनेच करायची, कारण रिक्वेस्ट पाठवायला तुमचा फॉर्म उघडावाच लागत नाही.

मग क्वेऱ्या. भरलेला मजकूर थेट जोडून एसक्यूएल (डेटाबेसला विचारायची भाषा) बनवलंय ती प्रत्येक जागा शोधा आणि प्रिपेअर्ड स्टेटमेंट करा, म्हणजे क्वेरी आणि भरलेली माहिती वेगवेगळी पाठवा, ॲडमिन पॅनलमधे पण. हॅकरच यायला पाहिजे असं नाही, वसईचे डिसोझा आडनाव इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी देऊन टाइप करतात आणि क्वेरी फुटते. अपॉस्ट्रॉफी उडवणं हा उपाय नाही हो, ते त्यांचं आडनाव आहे!

नावाच्या फील्डला मात्र नीट वेळ द्या, इथे आपलीच माणसं अडकतात. ए टू झेडवाला रेजेक्स (कुठली अक्षरं चालतील त्याचा नमुना) मराठी नाव घेतच नाही, आणि युनिकोडची (सगळ्या लिपींच्या अक्षरांना नंबर देणारी पद्धत) लेटर्स चालतील असं लिहिलं तरी काना-मात्रा युनिकोडमधे मार्क्स म्हणून मोजतात, म्हणजे "नयन" पास आणि "सुनीता" नापास, तेव्हा लेटर्स आणि मार्क्स दोन्ही घ्या. लांबी बाइट्समधे मोजू नका, यूटीएफ-८ मधे (युनिकोड साठवायची पद्धत) "सुनीता" १८ बाइट्स होतात. न दिसणारी कॅरेक्टर्सही सरसकट काढू नका, "दुसर्‍या" मधे बरेचदा झिरो विड्थ जॉइनर असतो, तो गेला की "दुसर्या" होतं. पिनकोड कुणी ४११००१ असा मराठी आकड्यांत टाकला तर आधी इंग्रजी आकड्यांत बदला, मग ६ आकडे आणि पहिला शून्य नाही एवढं तपासा.

डेटाबेसमधे लिहिलेलं जसंच्या तसं ठेवा आणि पानावर दाखवताना एस्केप करा, म्हणजे खास चिन्हं कोड न ठरता साधा मजकूर म्हणून दिसतील अशी बदला, कारण एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, यूआरएल प्रत्येकाचं एस्केपिंग वेगळं. सेव्ह करतानाच पीएचपीचं स्ट्रिप टॅग्ज (टॅग काढून टाकणारं फंक्शन) लावलं आणि कुणी "पगार <५०००० असेल तर" लिहिलं, तर < पासून पुढचं सगळं गायब.

फोटो अपलोडला एक्स्टेन्शन बघून सोडू नका, फाइलचा प्रकार सर्व्हरवर तपासा, नाव आपण द्या, वेबरूटच्या (थेट लिंकने उघडता येणाऱ्या फोल्डरच्या) बाहेर ठेवा.

आणि एरर मेसेज स्वतः वाचून बघा, "अवैध माहिती" नको, कुठल्या रकान्यात काय चुकलं ते सांगा आणि बाकी भरलेलं तसंच राहू दे, मोबाइलवर अख्खा पत्ता परत टाइप करायला लावू नका.