पापलेटाची पिल्लं नाकारताना
मासळीबाजारात मी आधी वीत लावते, मग भाव विचारते. 2023 मध्ये महाराष्ट्राने 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली. रुपेरी पापलेटाची 135 मिलिमीटर. नुसत्या तळहातावर मावणारं पापलेट म्हणजे अंडी घालण्याआधीच उचललेलं पिल्लू. ते स्वस्त म्हणून खपतं, आणि खपतं म्हणून बारीक आसाचं, म्हणजे लहान छिद्रांचं, जाळं पडत राहतं.

घासाघीस नको. सरळ सांगा, "मावशी, पिल्लं नकोत. मोठं आलं की ठेवा, भाव तुमचा." आणि मग खरंच तो भाव द्या, हे फार महत्त्वाचं. आमच्या मावशी पहिल्यांदा रागावल्या होत्या. आता स्वतःच म्हणतात, "ताई, आज बांगडा न्या." एका गिऱ्हाइकाने भागत नाही, शेजारणीलाही सोबत न्या. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, तेव्हा सुकट आणि सुके बोंबील.