पॅरिसमधला निवांत दिवस: निघण्याआधी दोघांनी काय बघायचं

पासपोर्ट, छत्री, पायात मुरलेले बूट, पॉवर बँक. एवढं तुम्ही घेणारच, त्यावर वेळ घालवत नाही.

आदल्या रात्री एकच काम जीव लावून करायचं. फोनमध्ये जे जे आहे ते दोघांच्याही फोनमध्ये आहे का, ते बघायचं. हॉटेलचा पत्ता, ऑफलाइन नकाशा, तिकिटं, आणि मुख्य म्हणजे इंटरनेट. एकाने ईसिम घ्यायचं आणि दुसऱ्याने त्याच्या हॉटस्पॉटवर दिवस काढायचा, असं आम्ही गेल्या खेपेला केलं होतं. शातले मेट्रो स्टेशनात गर्दी होती, दारं मिटली, एक जण आत आणि एक फलाटावर. गाडीबरोबर हॉटस्पॉटही गेला. मागे राहिलेल्याच्या हातात चालू फोन होता, पण त्यात ना नेट, ना नकाशा, ना हॉटेलचा पत्ता. ती सगळी दुपार एकमेकांना शोधण्यात गेली. त्यामुळे दुसरं सिम घ्या. दोन-चार पैसे जास्त जातील, जाऊ द्या. आणि पत्ता कागदावर लिहून दोघांच्याही खिशात ठेवा, एकाच्या पर्समध्ये दोन्ही कागद नकोत.

चुकामूक झाली तर काय करायचं, तेही रात्रीच ठरवा, मोठ्याने बोलून. मेट्रोत साधा नियम पुरतो: जो गाडीत आहे त्याने पुढच्याच स्टेशनवर उतरून फलाटावर थांबायचं, जो मागे राहिला त्याने त्याच दिशेची पुढची गाडी पकडून तिथे यायचं. उलट फिरून कोणीही यायचं नाही. दोघंही एकमेकांना शोधायला निघाले की संपलंच. आरईआरने, म्हणजे उपनगरांत जाणाऱ्या रेल्वेने, शहराबाहेर जाणार असाल तर हा नियम चालत नाही, कारण तिथे प्रत्येक गाडी प्रत्येक स्टेशनवर थांबत नाही; त्यासाठी भेटायची जागा वेगळी ठरवा.

मेट्रोचं कार्डही प्रत्येकाचं स्वतःचं हवं. नाविगो इझी कार्ड २ युरोला मिळतं आणि त्यावर तिकिटं भरता येतात, पण एकाच प्रवासात एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. तपासनीस आत कुठेही उभे असतात, दंड जागेवर घेतात, आणि ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ हे ऐकून घेत नाहीत. दोन माणसं, दोन कार्डं, दोन सिम, दोन कागद. परत परत सांगतेय, कारण निघायच्या घाईत नेमकं हेच ‘एकाकडे आहे ना, बस’ म्हणून सुटतं.

आता संग्रहालयांचे वार बघा. लुव्र आणि ऑरांजरी मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी. निवांत दिवसाला एकच संग्रहालय ठेवा, तेही सकाळी, वेळेचं तिकीट आधी काढून. दोन ठेवलीत तर दुसऱ्यात पाय दुखतात आणि भांडण होतं. खरं तर एकही नसलं तरी चालेल. लुक्सांबूर बागेत हिरव्या लोखंडी खुर्च्या असतात, भाडं नाही, हवी तिथे ओढून न्यायच्या. पाठ मागे कललेली खुर्ची पकडा, ती आधी संपते. तळ्याकाठी ऊन असेल तर दोन तास कसे जातात कळत नाही. एकाला वाचायचं असेल आणि दुसऱ्याला चालायचं असेल तर खुशाल वेगळे व्हा. म्हणून तर म्हणतेय, दोघांकडे चालू फोन हवा.

जेवणाची वेळ सांभाळा. बऱ्याच रेस्तराँची स्वयंपाकघरं दुपारी दोन-अडीचला बंद होतात ती संध्याकाळी सातनंतरच उघडतात. तीन वाजता भुकेले होऊन शोधत बसू नका, एकपर्यंत टेबल धरा. आत शिरताना ‘बाँझूर’ म्हणा, न म्हणणं तिथे उद्धटपणा समजतात. पाणी मागताना ‘कराफ द’ओ’ म्हणा, नळाचं पाणी फुकट येतं. कार्डाने पैसे देताना यंत्राने रुपये की युरो विचारलं तर युरोच.

साक्रे-कअर चर्चच्या पायऱ्यांपाशी मनगटाला दोरा बांधून पैसे उकळायला येतात, हात खिशात ठेवा. सह्या मागणाऱ्यांपाशी थांबू नका. पाकीट पुढच्या खिशात.

संध्याकाळी आयफेल. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं दिवे लुकलुकतात. जूनमध्ये सूर्यच दहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा त्या हिशोबाने जा. अंगावर घ्यायला काहीतरी. शेवटची मेट्रो साधारण रात्री सव्वा वाजेपर्यंत, शुक्रवारी-शनिवारी तासभर उशिरा. चुकलीच तर रात्रीच्या बस असतात.