चूक कुठे होत नाही, ते आधी बघा

महिन्याचा अहवाल चुकला की ऑफिसात पहिला प्रश्न येतो, ‘कोणी केलं?’ त्याने माणूस सापडतो, चूक तशीच राहते. त्याऐवजी कागदावर दोन रकाने आखा: चूक कुठे दिसते, आणि कुठे दिसायला हरकत नव्हती तरी दिसत नाही. समजा, 12 शाखांपैकी 3 शाखांचेच आकडे दुप्पट येतायत. मग त्या तिन्हींत असं काय आहे जे उरलेल्या 9 मध्ये नाही? उत्तर कधीकधी अगदी क्षुल्लक निघतं. त्या शाखा अजून फाइलचा जुना नमुना वापरत असतात, बस. पण सापडलेल्या कारणावर लगेच भाळू नका (मी हमखास भाळतो). एकाच शाखेचा नमुना बदला, आकडा सुधारतो का पाहा. नाही सुधारला, तर पुन्हा रकान्यांकडे.