देवाचे प्रेम आणि देवाचा क्रोध : घरसभेत हा अभ्यास कसा घ्यावा

मुंबईत घरसभेला, म्हणजे कोणाच्या तरी घरी भरणाऱ्या ख्रिस्ती सभेला, निम्मे लोक कामावरून थेट येतात, त्यामुळे हाती जेमतेम तास असतो. पापी माणसाकडे देव कसा पाहतो हा विषय तेवढ्यात बसवायचा तर उतारे तीनच घ्या : स्तोत्र ५:४-६, रोम ५:६-११ आणि लूक १९:१-१०. वाचणारे आदल्या दिवशीच ठरवा.

सुरुवात स्तोत्राने करा. कुकर्म करणाऱ्यांचा देवाला तिटकारा आहे, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. ‘देव पापाचा द्वेष करतो, पाप्याचा नाही’ असे म्हणून कोणी ना कोणी ते बाजूला सारेल. पण हे वाक्य पवित्र शास्त्रात नाही आणि हे स्तोत्र तर माणसांबद्दलच बोलते. सहावे वचन सावकाश वाचायला लावा. खोटे बोलणारे, खुनी, कपटी अशी माणसे त्यात आहेत. त्यांनी ज्याला नाडले, त्याच्या बाजूने देव उभा आहे, म्हणून हा तिटकारा.

मग रोमकरांस पत्र. अर्धा वेळ इथेच द्या. पेन्सिलीने तीन शब्दांखाली रेघ मारायला सांगा : दुर्बळ (६), पापी (८), शत्रू (१०). मधल्या नवव्या वचनात क्रोध आहे. म्हणजे प्रेम आणि क्रोध एकाच परिच्छेदात आहेत, आणि ख्रिस्त मेला तो आपण शत्रू असताना. इथे हमखास होणारी चूक अशी : पिता रागावलेला होता, पुत्राने त्याची समजूत घातली. आठवे वचन पुन्हा वाचा. ते प्रेम पित्याचेच आहे. प्राचीन मंडळीचा धर्मशिक्षक ऑगस्टीन याने हे नेमके मांडले आहे : देव आपला द्वेष करत होता तेव्हाही आपल्यावर प्रेम करत होता, त्याने घडवले ते त्याला प्रिय होते, आपण बिघडवले ते नाही.

‘जुन्या करारातला देव रागीट, नव्यातला प्रेमळ’ असेही कोणी म्हणेल. दोन करारांचे दोन देव मानणाऱ्या मार्सियनला रोमच्या ख्रिस्ती मंडळीने इ. स. १४४ च्या सुमारास बाहेर काढले होते. देवाच्या प्रेमाचे योहान ३:१६ पाठ असलेल्यांना त्याच अध्यायातले देवाच्या क्रोधाचे ३६ वे वचन वाचू द्या, आणि लगेच जुन्या करारातले यहेज्केल ३३:११ : दुष्टाच्या मरणाने देवाला आनंद होत नाही.

तिसऱ्या उताऱ्यातल्या जक्कयाला, म्हणजे लोकांना नाडून श्रीमंत झालेल्या जकातदाराला, पाच मिनिटे पुरतात. क्रम तेवढा दाखवा : येशू आधी त्याच्या घरी उतरला, चौपट परतफेडीची भाषा नंतर आली.

चर्चा शेजाऱ्याच्या दारूकडे किंवा कोणाच्या मुलीच्या लग्नाकडे वळली, तर तिथेच थांबवा. पावसाळ्यात दरड कोसळून माणसे गेली की ‘देवाची शिक्षा’ म्हणणारे असतात. त्यांच्यासाठी लूक १३:४ उघडून ठेवा. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक दोषी नव्हते, असे येशूच सांगतो.

‘देवाने मला टाकले’ असे कोणी म्हणाले, तर सर्वांसमोर उत्तर देऊ नका. सभा संपल्यावर त्यांच्याजवळ बसा, आधी ऐकून घ्या, मग योहान ६:३७ वाचा : माझ्याकडे येणाऱ्याला मी घालवणार नाही, असे येशू तिथे म्हणतो. पाळकांनी भेटलेले चालेल का हे त्यांनाच विचारा, आणि हो म्हणाले तर त्याच आठवड्यात भेट ठरवा.