तलावाची मानकं कशी ठरवावीत: आधी आकडा, मग आराखडा

पाणलोटाची हद्द, येऊन मिळणारे नाले आणि वर्षभराच्या पाणीतपासण्या हाताशी आहेत असं धरून चालतो.

१. पाण्याचा वापर ठरवा: पिणं, पोहणं की मासेमारी. एका बैठकीचं काम.

२. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची वर्गवारी घ्या. अंघोळीच्या 'ब' वर्गाला विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिग्रॅ, बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) कमाल ३. नमुना पहाटे घ्या. दुपारी शेवाळच ऑक्सिजन सोडत असतं, त्यामुळे मरणपंथाला लागलेला तलावही तेव्हा पास होतो.

३. आता फॉस्फरस. इथेच घोडं पेंड खातं, माझीही इथेच दमछाक झाली होती. त्या वर्गवारीत फॉस्फरसचा आकडाच नाही आणि गोडं पाणी हिरवं होतं ते बहुतेक त्याच्यामुळे. शिवाय 'लिटरला इतके मायक्रोग्रॅम' असं मानक नगररचनाकाराच्या काही कामाचं नाही. त्याला किलो सांगा.

हिशेब असा. ४० हेक्टरचा, सरासरी अडीच मीटर खोल तलाव म्हणजे १० लाख घनमीटर पाणी. लिटरला ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा धरली तर त्या सगळ्या पाण्यात फॉस्फरस मावतो ३० किलो. माणशी सांडपाण्यातून रोज एक ते दोन ग्रॅम येतो, म्हणजे हजार वस्तीचा एक नाला महिन्याभरात तेवढा आणून ओततो. पाऊस किती पाणी बदलतो आणि तळाचा गाळ किती फॉस्फरस परत सोडतो, हे धरून वर्षाची मर्यादा काढा आणि ती नाल्यानाल्याला वाटून द्या. 'एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) आहे ना' म्हणणाऱ्याला विचारा, फॉस्फरस काढतो का? साधा एसटीपी बीओडी उतरवतो, फॉस्फरस बराचसा तसाच सोडतो. आणि सांडपाण्याचे नाले तलावात वाहते असताना कारंजी बसवायचा प्रस्ताव आला, तर सही करू नका; कारंज्यांनी फॉस्फरस जात नाही.

४. हे किलो विकास आराखड्यात लिहा. अमेरिकेतल्या टाहो सरोवराभोवती १९८२ मध्ये आधी पर्यावरणीय मर्यादा ठरल्या आणि प्रादेशिक आराखडा त्यांना बांधला गेला. पाणी गढूळ करणारी बारीक माती तिथे मुख्यतः वस्तीतून येते, म्हणून घरमालकांना पावसाचं पाणी आवारातच मुरवायची सोय करावी लागते. पारदर्शकतेचं २९.७ मीटरचं लक्ष्य अजून गाठलेलं नाही, पण ते कागदावरून पुसलेलंही नाही.

५. पंधरवड्याला, त्याच जागी, सेक्की तबकडी (काळी-पांढरी चकती; ती दिसेनाशी होते ती खोली मोजतात) सोडून नितळपणा मोजा. मर्यादा ओलांडली तर पाणलोटातल्या नव्या बांधकाम परवानग्या कोण थांबवणार, त्या अधिकाऱ्याचं पद आत्ताच लिहून ठेवा.