लेकीला चार कुळं पाठ करून द्यायची तर

आमच्या घरात नुसतं नाव सांगून ओळख पुरी होत नाही. नवरा नावाहो, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी एका जमातीचा; त्यांच्या स्वतःच्या शब्दात दिने. मी कराडची. राहतो न्यू मेक्सिकोत फार्मिंग्टनला, आणि सासूबाई डोंगराच्या पलीकडे, ॲरिझोनात लुकाचुकाईला. लेक नऊ वर्षांची आहे आणि मोठ्यांसमोर उभी राहून आपली चारही कुळं न अडखळता सांगते. इथले मराठी ओळखीचे, विशेषतः ज्यांच्या पोरांना दोन मुलखांची आजोळं आहेत ते, विचारतात की हे कसं जमवलंत. जमलं तसं लिहिते. चुकलं तेही.

पहिलं काम म्हणजे कुळं गोळा करा, आणि ती पुस्तकातून नको, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून. दिने माणूस चार कुळं सांगतो. आईचं कूळ आधी, कारण तो त्याच कुळाचा असतो. मग वडिलांचं, ज्यांच्यासाठी तो जन्मला असं म्हणतात. मग आईच्या वडिलांचं आणि शेवटी वडिलांच्या वडिलांचं. त्या त्या कुळाला जोडायचे शब्द अनुक्रमे निश्लीं, बाशिश्चीन, दाशिचेई आणि दाशिनाली. एका कुळात लग्न होत नाही. हे आपल्याला समजायला सोपं, आपल्याकडे एका देवकात सोयरीक करत नाहीत तसंच. फरक एवढाच, की इथे सगळं आईकडून चालतं.

आणि तिथेच आमची गाडी अडली. नवरा किन्या'आनी, म्हणजे उंच घराचे लोक. पण ते कूळ त्याच्या आईचं, त्याच्या बहिणींच्या पोरांना मिळणार. आमच्या लेकीला पहिलं कूळ म्हणून नाही. तिचं पहिलं कूळ माझं. सासूबाईंनी स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता मला विचारलं, "तुझ्या आईचे लोक कोण? त्यांच्या आईचे?" मी आडनाव सांगितलं, तर म्हणाल्या, हे तर तुझ्या वडिलांचं. आईचं माहेरचं सांगितलं, तर तेही आईच्या वडिलांचं निघालं. आजीचं माहेर कसंबसं आठवलं. पणजीचं माहेर? मी गप्प. माझ्या माहेरी देव्हाऱ्यामागच्या भिंतीवर सात पिढ्यांची वंशावळ फ्रेम करून लावली आहे, आणि तिच्यात एकाही बाईचं नाव नाही. कराडला फोन केला, तर आईलाही ठाऊक नव्हतं. तिने तिच्या मावशीला विचारलं, आणि चार दिवसांनी उत्तर आलं: औंधाकडची होती, एवढंच.

तेव्हा दुसऱ्या घरची परंपरा पोराला द्यायला निघालात, तर आधी आपल्या आईकडची वही काढा. ही पायरी मला कुणी सांगितली नव्हती.

शेवटी सासूबाईंनीच निकाल दिला. लेकीने म्हणायचं: मराठी निश्लीं, किन्या'आनी बाशिश्चीन, मराठी दाशिचेई, तोदिचि'नी दाशिनाली. तोदिचि'नी म्हणजे कडू पाण्याचे लोक, माझ्या सासऱ्यांचे. वर हेही म्हणाल्या, की हिच्या मुली, त्यांच्या मुली, सगळ्या पुढे असंच 'मराठी निश्लीं' म्हणत जातील. परक्याचं धन म्हणून वाढलेल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल, ते लिहीत बसत नाही.

आता उच्चार. कागदावर पाठ करून घेऊ नका, कानाने घ्या. निश्लीं मधला ल आपला नव्हे. जीभ ल म्हणायला लावायची आणि आवाज न काढता नुसती हवा बाजूंनी सोडायची. 'कोल्हा' मधल्या ल्हच्या आसपास जातं, पण पुरतं पोचत नाही. वर मी जिथे (') अशी खूण केली आहे, तिथे घसा क्षणभर बंद करायचा. स्वर अनुनासिकही असतात, आणि सुराच्या चढउताराने अर्थ बदलतो. मालवणी घरातल्या माणसाला नाकातले स्वर सोपे जातील. मला वर्ष लागलं.

कोल्ह्यावरून आठवलं. माझ्या आईला आमच्याकडे सगळे माई म्हणतात. लेक व्हिडिओ कॉलवर "माई, माई" करत होती आणि मागे सासूबाई ओट्याला धरून हसत होत्या. दिने भाषेत मां'ई म्हणजे कायोटी, तिकडचा कोल्हा, तोही गोष्टीतला लबाड. कुठली पोर आजीला कोल्हा म्हणते! तेव्हापासून लुकाचुकाईला असताना माझ्या आईचा उल्लेख शिमासानी, म्हणजे माझी आईकडची आजी, असा होतो. सासूबाई शिनाली. गंमत म्हणजे त्याही नातीला शिनालीच म्हणतात; आजी आणि नात दोघींना एकच शब्द.

भाषा मागताना मात्र जपून. माझा नवरा दिने समजतो, बोलत नाही. का, म्हणून मी एकदा सासूबाईंसमोरच त्याला टोचलं. नंतर कळलं. त्यांना लहानपणी घरापासून दूरच्या निवासी शाळेत घातलं होतं, आणि स्वतःची भाषा तोंडातून निघाली की शिक्षा होई. आपल्या पोरावर ती वेळ नको म्हणून त्यांनी त्याच्याशी इंग्रजीच ठेवली. म्हणून "शिकवा ना" असं म्हणू नका. हातातलं काम घ्या आणि शेजारी बसा. शब्द आपोआप येतात: मेंढी, मीठ, पाणी, पुरे.

काम म्हणजे बहुतेक स्वयंपाक. निळ्या मक्याच्या पिठाची लापशी सगळ्यात सोपी. आधी जुनिपरच्या हिरव्या फांद्या जाळून राख चाळून ठेवायची. चार वाट्या पाणी उकळायला ठेवायचं. एक वाटी पीठ थोड्या गार पाण्यात कालवून घ्यायचं, नाचणीचं सत्त्व कालवतो तसं, नाहीतर गुठळ्या होतात. एक लहान चमचा राख पाण्यात कालवून, गाळून, पातेल्यात ओतायची, मग पीठ सोडायचं. करडंसर पीठ बघता बघता निळं-हिरवं होतं, आणि हा क्षण पोरांना दाखवाच. राखेतून कॅल्शियम मिळतं. दहा-पंधरा मिनिटं ढवळायचं ते चमच्याने नव्हे, तर आदिस्त्सीनने, म्हणजे सरळ काटक्यांची जुडी असते तिने. झाल्यावर सासूबाई ती जुडी उभी धरून दोन शब्द पुटपुटतात. घरात भूक येऊ नये म्हणून. लेकीची जुडी त्यांनी तिच्या मापाची बांधून दिली आहे, आणि मला तिला हात लावायची परवानगी नाही.

तळलेली भाकरीही करतो, फ्रायब्रेड, भटुऱ्याची थोरली बहीण. पण ती करताना गोष्ट सांगूनच. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने या लोकांना साडेचारशे किलोमीटरहून जास्त चालवत ह्वेल्दीला, म्हणजे फोर्ट समनरला नेलं. आठ हजारांहून जास्त माणसं तिथे डांबली होती. मका नीट पिकेना, रेशनात मैदा आणि चरबी. ही भाकरी त्या दिवसांची. १ जून १८६८ ला तह झाला आणि ते आपल्याच मुलखात परतले. लेकीला मी एवढंच सांगते आणि तिच्या प्रश्नांसाठी थांबते. तिचा पहिला प्रश्न होता, "मेंढ्यांचं काय झालं?"

चूक सांगते. एकदा मे महिन्यात मी हौसेने दोऱ्याच्या आकृत्या शिकवायला घेतल्या, बोटांत दोरा अडकवून चांदण्या करायच्या त्या, आणि वर कायोटीची गोष्ट. सासूबाईंनी दोरा हातातून काढून घेतला. हा खेळ आणि या गोष्टी फक्त हिवाळ्यातल्या. पहिला गडगडाट झाला की बंद, ते पुन्हा थंडी पडेपर्यंत. चातुर्मासात लग्न लावणाऱ्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा एक कॅलेंडर करा आणि काय कधी करायचं नाही तेही त्यात लिहा.

समारंभांबद्दल थोडक्यात. बाळ पहिल्यांदा खळखळून हसलं की ज्याने हसवलं त्याने जेवण घालायचं, आणि बाळाच्या हातून पाहुण्यांना मीठ द्यायचं, म्हणजे बाळ हाताचं सढळ होतं. आमची लेक हसली ती माझ्या वडिलांच्या शिंकेला, फोनवर, कराडहून. सासूबाईंनी यजमानपद सरळ त्यांच्या गळ्यात घातलं. बाप माळकरी. बरीच चर्चा होऊन मैदा, बटाटे आणि कलिंगडं त्यांच्या पैशांची आणि मेंढरू सासूबाईंचं, असं ठरलं. मोठ्या विधींचं मात्र मी काही दाखवत नाही आणि लिहीतही नाही. गेल्या वर्षी नणंदेच्या मुलीचा किनाल्दा झाला, वयात येण्याचा चार दिवसांचा विधी. पहाटे ती पूर्वेकडे धावते आणि बाकीचे मागे. तिच्यापुढे कुणी जायचं नाही. आमची लेक धावली. फोन सगळ्यांचे गाडीत होते.

होगानमध्ये, म्हणजे त्यांच्या पूर्वेकडे दार असलेल्या जुन्या घरात, कसं फिरायचं हे मात्र शिकवावंच लागलं नाही. "देवळात घालतो तशी प्रदक्षिणा," म्हटलं, आणि झालं.

पाठांतर झालं की बाजारात वापरू द्या. शिपरॉकच्या आठवडी बाजारात भाजलेली कणसं विकणाऱ्या एका आजींनी लेकीला कुळं विचारली. किन्या'आनी ऐकताच म्हणाल्या, मग मी तुझी शिबिझी, आत्या. कणसाचे पैसे घेतले नाहीत. लेकीने परतीच्या वाटेवर तीनदा विचारलं, आपल्याला अजून किती आत्या आहेत.

या उन्हाळ्यात सासूबाईंच्या घराण्याचं संमेलन होतं, वर डोंगरात मेंढरांच्या वाडीवर. लेक उभी राहिली, चारही ओळी म्हणाली, मधे एकदा थुंकी गिळली. पुढच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या काकांनी टोपी मागे सारून विचारलं, "मराठी म्हणजे कसले लोक?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

"ते सगळ्या भाज्यांत शेंगदाण्याचं कूट घालतात," ती म्हणाली.

काकांनी मान डोलावली. "हां, शेंगदाण्याचे लोक," म्हणाले आणि पुढच्या पोराला उठवलं. सासूबाई आता मला फोनवर याच नावाने हाक मारतात, आणि परवा अर्धा किलो कूट मागवून घेतलं, मटणात घालून बघायला.