सहलीचा खर्च दोघांत कसा वाटावा

पुण्याहून चार दिवसांसाठी मालवणला निघालेल्या आणि दोघेही कमावत असलेल्या जोडप्याचा खर्च बहुधा असा होतो: निवासाचे आगाऊ पैसे एकाने महिनाभर आधी फोनवरून पाठवलेले असतात, पेट्रोल दुसऱ्याच्या कार्डावर पडते, गाडी ज्याच्या नावावर असेल त्याच्या फास्टॅगमधून टोल परस्पर कापला जातो आणि जेवणाचे बिल ज्याचा हात आधी खिशात जाईल तो देतो. घरी परतल्यावर, आपलेच पैसे जास्त गेले, असे दोघांनाही अगदी मनापासून वाटत असते. यात कोणी खोटे बोलत नाही; आपल्या खिशातून गेलेले लक्षात राहते आणि दुसऱ्याच्या खिशातून गेलेले बरेचदा दिसतही नाही. म्हणून वाटणीचे प्रमाण निघण्यापूर्वीच, शक्यतो निवास ठरवण्याच्याही आधी, ठरवून घ्यावे.

प्रमाण ठरवण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे निम्मे-निम्मे. पण सोपी आहे म्हणून ती न्याय्य असतेच असे नाही. समजा, तिच्या हाती महिन्याला ९०,००० रुपये येतात, त्याच्या हाती ६०,००० येतात आणि सहलीचा अंदाज ३०,००० रुपयांचा आहे. निम्मे केल्यास प्रत्येकी १५,००० द्यावे लागतील, म्हणजे तिच्या पगाराचा सहावा हिस्सा जाईल आणि त्याच्या पगाराचा चौथा. पगाराच्या प्रमाणात, म्हणजे तिनास दोन असे वाटल्यास तिने १८,००० आणि त्याने १२,००० द्यावेत. दोघांच्याही पगाराचा बरोबर पाचवा हिस्सा जातो. इथवर बहुतेक जण येतात आणि थांबतात. पण तिच्या पगारातून घराच्या कर्जाचा ३०,००० रुपयांचा हप्ता जात असेल, आई-वडिलांना ती १५,००० पाठवत असेल आणि त्याच्याकडून किराणा, वीज वगैरे घरखर्चाचे १५,००० जात असतील, तर महिनाअखेर दोघांच्याही हातात ४५,००० च उरतात आणि तेव्हा निम्मे-निम्मे हीच योग्य वाटणी ठरते. माझ्या मते प्रमाण पगारावर न काढता टाळता न येणारी देणी वजा जाऊन जे उरते त्यावर काढावे. स्वतःच्या हौसेची गुंतवणूक किंवा नव्या फोनचा हप्ता मात्र या देण्यांत धरू नये, नाहीतर ज्याला हौस जास्त त्याचा वाटा आपोआप कमी होत जाईल.

दोघांपैकी एक जण कमावत नसेल तर प्रमाणाचा प्रश्नच उद्भवत नाही; सहलीचा सगळा खर्च घराच्या उत्पन्नातून करावा आणि दोघांनाही सारखाच हातखर्च द्यावा, ज्याचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही.

यानंतर सामाईक खर्च कोणता ते लिहून काढावे. निवास, प्रवास आणि जेवण यांवर सहसा वाद होत नाही, तरी स्वतःच्या गाडीचा खर्च हमखास चुकीचा धरला जातो. जाऊन-येऊन आणि तिथले फिरणे धरून ९०० किलोमीटर होतात. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर ६० लिटरचे ६,३०० रुपये होतात. पण टायर आणि सर्व्हिसिंगचा भार गाडीच्या मालकावरच पडतो, त्यामुळे किलोमीटरला दोन रुपये याप्रमाणे आणखी १,८०० रुपये सामाईक खर्चातून त्याला द्यावेत. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी या नाक्यांचा टोलही असाच धरावा. राष्ट्रीय महामार्गांसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून मिळू लागलेला वार्षिक पास घेतलेला असेल तर टोल कापला जात नाही, म्हणून तो फुकट समजला जातो. मात्र पासाची सुरुवातीची किंमत ३,००० रुपये आणि फेऱ्या २०० हे पाहता प्रत्येक नाक्याला १५ रुपये, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून १२० रुपये होतात. रक्कम किरकोळ आहे, पण अशा किरकोळ रकमाच पुढे भांडणात उपयोगी पडतात.

जेवणात मात्र फार बारीक शिरू नये. एकाने सुरमईचे ताट घेतले आणि दुसऱ्याने शाकाहारी, म्हणून फरकाचे पैसे मागणे मला तरी शोभेसे वाटत नाही. स्कूबा डायव्हिंगचे तसे नाही. एक जण पाण्यात उतरणार आणि दुसरा काठावर कपडे सांभाळत बसणार असेल, तर तो खर्च उतरणाऱ्याचा. खरी अडचण शेवटच्या दिवशी बाजारात येते. काजू, कोकमाचे आगळ आणि मालवणी खाजा घेताना तिच्या माहेरी किती आणि त्याच्या घरी किती, हे पिशव्या भरल्यावर मोजायला गेले की वातावरण बिघडते. आमच्याकडे एकदा परतीचा अख्खा घाट त्याच विषयावर उतरला होता. त्यामुळे दोन्ही घरांसाठी सारखी रक्कम सामाईक खर्चात आधीच धरावी आणि त्यावर जे काही घ्यायचे ते ज्याने त्याने आपल्या पैशांतून घ्यावे. एकाचे आई-वडील सोबत येणार असतील तर त्यांच्या खोलीचा खर्च कोणाचा, हेही त्यांना आमंत्रण देण्यापूर्वीच बोलून घ्यावे.

ठरलेले पैसे दोघांनीही निघण्याच्या आठवडाभर आधी एकाच खात्यात जमा करावेत. दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल असे संयुक्त खाते असल्यास उत्तम, कारण मग दोघांच्याही फोनवरून यूपीआयने त्याच खात्यातून पैसे देता येतात आणि कोणी काय दिले ही नोंद वेगळी ठेवावी लागत नाही. किनाऱ्यालगत नेटवर्क दगा देते, म्हणून चार-पाच हजारांच्या सुट्ट्या नोटा वेगळ्या पाकिटात ठेवाव्यात आणि त्यातून दिलेले पैसे त्याच रात्री टिपून ठेवावेत. आधी केलेले आरक्षण एकाच्या कामामुळे रद्द करावे लागले तर कापलेली रक्कमही सामाईकच धरावी. रजा नाकारली गेली यात त्याचा दोष नसतो. आरक्षणे करणे आणि फोनाफोनी हे काम दर वेळी एकाच्याच गळ्यात पडत असेल, तर पुढच्या सहलीला ते दुसऱ्याने घ्यावे. त्याची भरपाई पैशांत करू नये.

परतल्या रात्री हिशेब मिटवायला बसू नये. दोघेही दमलेले असतात, शिवाय टोलची एखादी कपात दोन-तीन दिवसांनीही खात्यात दिसते. आठवड्याभराने खाते पाहावे. कमी पडलेली रक्कम ठरलेल्या प्रमाणातच भरावी आणि काही उरले असेल तर ते परत वाटून न घेता पुढच्या सहलीसाठी त्याच खात्यात राहू द्यावे.